हास्य, विस्मय आणि अपयशाचे वाचन : 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्लूटो नॅश'

१

अयशस्वी कलाकृतीविषयी समीक्षेने काय बोलावे, हा प्रश्न मराठी समीक्षाव्यवहारात क्वचितच विचारला जातो. लोकप्रिय कलाकृतीचा विचार बहुधा समाजशास्त्रीय अंगाने होतो. ती कोणत्या वर्गाला आवडली, त्या वर्गाच्या कोणत्या इच्छा तिने पुरवल्या, हे तपासले जाते. गंभीर कलाकृतीचा विचार सौंदर्यशास्त्रीय अंगाने होतो. तिचा घाट, तिची अनेकार्थता, तिची परंपरेशी असलेली नाती उलगडली जातात. परंतु जी कलाकृती लोकप्रिय होण्यासाठीच घडवली गेली आणि लोकांनीच जी नाकारली, तिला या दोन्ही पद्धतींत जागा उरत नाही. तिच्यामागे समाज उभा नसतो आणि तिच्यात सौंदर्य आढळत नाही. अशा कलाकृतीविषयी बोलण्याचे काम मग हिशेबनिसाकडे सोपवले जाते आणि हिशेबाचा आकडा हाच तिच्यावरील अखेरचा अभिप्राय ठरतो.

रॉन अंडरवुड दिग्दर्शित 'द ॲडव्हेंचर्स ऑफ प्लूटो नॅश' हा अमेरिकन चित्रपट या स्थितीचे ठळक उदाहरण आहे. नील कथबर्ट यांच्या पटकथेवर आधारलेल्या या विज्ञानकल्पित विनोदी चित्रपटाचे चित्रीकरण २००० साली मॉन्ट्रियल येथे झाले आणि १६ ऑगस्ट २००२ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याचा निर्मितिखर्च सुमारे १० कोटी डॉलर होता. जगभरातील तिकीटविक्रीचे उत्पन्न सुमारे ७१ लाख डॉलर, म्हणजे खर्चाच्या चौदाव्या हिश्श्याइतके भरले. प्रमुख भूमिकेत एडी मर्फी यांच्यासारखा कीर्तिमान विनोदी नट होता. हे दोन आकडे आणि हे एक नाव एवढ्यावरच हा चित्रपट आजवर ओळखला जातो. मोठ्या अपयशांच्या याद्यांमध्ये त्याचे नाव नेमाने येते. पण त्या याद्यांमधून चित्रपटाच्या संहितेविषयी फारसे काही कळत नाही.

मराठीत अशा प्रसंगी 'चित्रपट पडला' असे म्हटले जाते. नाटकही पडते आणि परीक्षेला बसलेला विद्यार्थीही कधीकाळी 'पडत' असे. या क्रियापदात निकाल आहे, पण कारणमीमांसा नाही. कोणती रचना कोठे खचली, हे त्यातून कळत नाही. प्रस्तुत विवेचनाचा हेतू या खचण्याची जागा शोधण्याचा आहे. रोमान याकबसन यांनी १९५६ साली वाचाघाताचा अभ्यास करताना जे दाखवून दिले, ते येथे मार्गदर्शक ठरावे. बोलणाऱ्या माणसात भाषेची जी दोन अंगे एकजीव असतात आणि म्हणून वेगळी दिसत नाहीत, ती वाणी बिघडलेल्या रुग्णात वेगळी होऊन दिसू लागतात. साहित्यप्रकारांचेही असेच आहे. यशस्वी कृतीत दोन प्रकारांचे संकेत इतके सांधले जातात की सांधा दिसत नाही. अयशस्वी कृतीत तो उकलतो आणि अभ्यासाला उपलब्ध होतो.

येथे एक मर्यादा आधीच मान्य केली पाहिजे. रूपबंधातील दोष आणि तिकीट खिडकीवरील तोटा यांत थेट कार्यकारणसंबंध सिद्ध करता येत नाही. चित्रीकरणानंतर प्रदर्शनाला लागलेला विलंब, जाहिरात, हंगाम अशी अनेक कारणे व्यवहारात काम करीत असतात. शिवाय 'ब्लेड रनर' हा १९८२चा चित्रपट आरंभी अपेक्षेइतका चालला नाही आणि पुढे विज्ञानकल्पित चित्रपटांचा मानदंड ठरला, हेही विसरता येत नाही. म्हणून येथे 'अपयश' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी घेतला आहे : बाजारातील अपयश हे निमित्त, आणि रचनेतील अपयश हा विषय.

२

हान्स रॉबर्ट याउस यांच्या स्वीकारसिद्धान्तात अशा अपयशाचा विचार करण्याची एक चौकट मिळते. कलाकृती प्रकट होते तेव्हा तिच्या वाचकांपाशी पूर्वीच्या कृतींच्या परिचयातून घडलेले एक अपेक्षाक्षितिज असते. नवी कृती त्या क्षितिजापासून जितकी दूर, तितका तिचा स्वीकार कठीण. ती क्षितिजाच्या जितकी जवळ, तितकी ती निव्वळ उपभोग्य करमणुकीच्या जवळ सरकते. या मांडणीतून असे निष्पन्न होते की जी कृती रूढ अपेक्षा निमूटपणे पुरवते, ती कलादृष्ट्या उणी असली तरी तिचा स्वीकार सुलभ असतो.

'प्लूटो नॅश'चे कोडे नेमके येथे आहे. या चित्रपटाने क्षितिजाबाहेर पाऊल टाकलेले नाही. काळ २०८७चा, स्थळ चंद्रावरील 'लिटल अमेरिका' ही वसाहत. कधीकाळी चोरटी वाहतूक करणारा नायक प्लूटो नॅश तुरुंगवास भोगून आला आहे आणि एका नाईट क्लबचा मालक झाला आहे. रेक्स क्रेटर नावाच्या, कधीही समोर न येणाऱ्या बलाढ्य इसमाचे हस्तक क्लब विकत मागतात. नायक नकार देतो. क्लब स्फोटाने उद्ध्वस्त केला जातो. डीना लेक ही गायिका होऊ पाहणारी तरुणी आणि ब्रूनो हा जुन्या बनावटीचा यंत्रमानव अंगरक्षक यांना घेऊन नायक पळत सुटतो आणि अखेरीस क्रेटरपर्यंत पोहोचतो. गुंडपटाचे सर्व परिचित संकेत येथे हजर आहेत. घुमटाखालची शहरे, यंत्रमानव, बोलत्या प्रकाशप्रतिमा असे विज्ञानपटाचे संकेतही हजर आहेत. मर्फी यांच्याकडून अपेक्षित असलेली हजरजबाबी बडबडही आहे. अंतर जवळपास शून्य आहे, तरीही स्वीकार नाही.

म्हणजे याउस यांच्या मांडणीत एक पुरवणी जोडावी लागते. संमिश्र प्रकारातील कृतीसमोर एक क्षितिज नसते, दोन असतात. दोहोंच्या अपेक्षा सुट्या सुट्या पुरवल्या तरी पुरत नाही. प्रेक्षकाची तिसरी अपेक्षा त्या दोहोंच्या नात्याविषयीची असते. विनोद आणि विज्ञानकल्पना एकमेकांचे काय करतात, हे त्याला पाहायचे असते. 'प्लूटो नॅश'मध्ये ते एकमेकांचे काहीच करीत नाहीत, असे येथे प्रतिपादन आहे. हे नाते कोणत्या अटींवर जुळते, हे पाहण्यासाठी दोन्ही प्रकारांच्या मूळ मागण्यांकडे वळणे आवश्यक आहे.

३

भारतीय काव्यशास्त्रात हास्य आणि अद्भुत हे शत्रू मानलेले नाहीत. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण यांचा निर्देश आहे, अद्भुताचा नाही. तेव्हा या दोन रसांचे जात्याच वैर आहे, असे म्हणून प्रश्न निकालात काढता येत नाही. विचार करावा लागतो तो त्यांच्या विभावांचा.

भरताने हास्याचे विभाव सांगताना विकृत वेष, विकृत अलंकार, धार्ष्ट्य, असंबद्ध प्रलाप, व्यंगाचे दर्शन अशी यादी दिली आहे. यांपैकी प्रत्येक विभाव एका गृहीत प्रकृतीकडे बोट दाखवतो. वेष विकृत ठरण्यासाठी योग्य वेष कोणता, हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असावे लागते. प्रलाप असंबद्ध वाटण्यासाठी संबद्ध बोलण्याची रीत परिचित असावी लागते. मराठीत न. चिं. केळकर यांच्या 'हास्यविनोदमीमांसे'ने विनोदचर्चेला शास्त्रीय बैठक दिली. आज वर्गात विनोदाचा विचार शिकवताना 'विसंगती' ही संज्ञा ज्या सहजतेने वापरली जाते, तिच्यातही हेच गृहीत आहे. विसंगतीला संगती लागते. हास्य ही रूढीला बांधलेली वृत्ती आहे. रूढी मोडण्यात तिला रस असतो आणि म्हणूनच रूढीशिवाय तिचे चालत नाही.

अद्भुताचे विभाव सांगताना भरत दिव्य जनांचे दर्शन, विमान, माया, इंद्रजाल अशा गोष्टींचा उल्लेख करतो. येथे प्रकृती ठाऊक असण्याची निकड वेगळ्या प्रकारची आहे. अद्भुतात परिचित जग बाजूला सारले जाते आणि विस्फारलेल्या, अनिमिष डोळ्यांनी पाहावे असे काही समोर येते. विज्ञानकथेत या विस्मयाला एक शिस्त असते. डार्को सुव्हिन यांनी १९७९च्या 'मेटॅमॉर्फोसेस ऑफ सायन्स फिक्शन' या ग्रंथात विज्ञानकथेची व्याख्या करताना अपरिचितीकरण आणि बोध या दोहोंच्या परस्परक्रियेवर भर दिला. कथेत एक नवतत्त्व प्रवेश करते. ते शोभेपुरते नसते, तर कथाविश्वाची सर्व व्यवस्था त्याच्या अनुरोधाने बदलते. माणसे कशी राहतील, कशाला भितील, कशाला मोल देतील, हे त्या नवतत्त्वाने ठरते. त्या बदललेल्या विश्वातून वाचक स्वतःच्या विश्वाकडे परक्या नजरेने पाहू लागतो.

दोन्ही प्रकारांची अडचण आता स्पष्ट होते. विज्ञानकथा रूढ विश्व काढून घेते. विनोदाला तेच विश्व पायाखाली हवे असते. प्रकृतीच ठाऊक नसेल तर विकृती ओळखू कशी येणार? चंद्रावरचा एखादा रहिवासी विचित्र टोपी घालतो, तेव्हा प्रेक्षकाने हसावे की चंद्रावर सगळेच अशी टोपी घालतात असे समजावे, हे संहितेने ठरवून दिल्याशिवाय प्रेक्षक ठरवू शकत नाही. हा संभ्रम क्षणाचा असतो, परंतु विनोदाचे आयुष्यही क्षणाचेच असते.

४

ही अडचण दुर्लंघ्य नाही. चित्रपटाच्या इतिहासात ती अनेकदा ओलांडली गेली आहे आणि त्याच्या निदान तीन वाटा दाखवता येतात.

पहिली वाट म्हणजे रूढ जगातील माणसाला अपरिचित जगात नेणे. वुडी ॲलन यांच्या 'स्लीपर' (१९७३) या सुमारे २० लाख डॉलर खर्चाच्या चित्रपटात न्यूयॉर्कमधील आरोग्यदायी खाद्यपदार्थांचा एक दुकानदार गोठवलेल्या अवस्थेत २०० वर्षे काढून २१७३ साली जागा होतो. त्या काळातील डॉक्टरांच्या मते त्याच्या पिढीने अपायकारक मानलेले स्निग्ध आणि गोड पदार्थच प्रकृतीला हितकर असतात. येथे नवतत्त्व आणि विनोद एकाच वाक्यात घडतात. कारण विसाव्या शतकाची रूढी नायकाच्या रूपाने पडद्यावर उपस्थित आहे आणि तिच्याच पायांखालून जमीन सरकते.

दुसरी वाट याच्या उलट : अपरिचिताला रूढ जगात आणणे. बॅरी सोनेनफेल्ड यांच्या 'मेन इन ब्लॅक' (१९९७) या चित्रपटात परग्रहवासी पृथ्वीवर राहतात आणि त्यांची व्यवस्था एक सरकारी यंत्रणा परदेशी नागरिकांच्या नोंदणीप्रमाणे चालवते. विस्मय विश्वाएवढा आहे, पण कचेरी ओळखीची आहे. या चित्रपटाचा खर्च सुमारे ९ कोटी डॉलर, म्हणजे 'प्लूटो नॅश'च्या जवळपास होता आणि त्याला अफाट यश लाभले. मोठा खर्च विनोदाला मारतो, हे सरसकट विधान म्हणूनच टिकत नाही.

तिसरी वाट अधिक अप्रत्यक्ष आहे. तीत प्रकाराचे संकेत हीच रूढी होते. डीन पॅरिसॉट यांच्या 'गॅलेक्सी क्वेस्ट' (१९९९) मध्ये एका जुन्या दूरदर्शन मालिकेतील अंतराळवीरांची कामे करणारे नट खरोखरीच्या अंतराळात ओढले जातात, कारण परग्रहवासीयांनी ती मालिका इतिहास समजून पाहिलेली असते. प्रेक्षकाला अंतराळ ठाऊक नसले तरी अंतराळमालिका ठाऊक असते आणि विसंगती त्या परिचयाच्या आधाराने उमटते.

विशेष म्हणजे रॉन अंडरवुड यांना या वाटा अपरिचित नव्हत्या. त्यांच्या 'ट्रेमर्स' (१९९०) या चित्रपटात वाळवंटाच्या कडेच्या एका लहानशा वस्तीवर भूगर्भातील महाकाय प्राणी चालून येतात. त्यातील विनोद त्या वस्तीतील माणसांच्या रोजच्या स्वभावातून, त्यांच्या कुरबुरींतून आणि किरकोळ कौशल्यांतून निघतो. 'सिटी स्लिकर्स' (१९९१) मध्ये विज्ञानकल्पना नाही. पण शहरी मध्यमवयीन पुरुष गुरे हाकायला रानात जातात, तेव्हा विस्थापनाचे तेच तत्त्व काम करते. दोन्ही ठिकाणी परिचित आणि अपरिचित यांची सीमारेषा चित्रपटाच्या आत आखलेली आहे आणि माणसे ती ओलांडताना दिसतात. म्हणून 'प्लूटो नॅश'चे अपयश दिग्दर्शकाच्या सामान्य अकौशल्यात शोधणे पुरेसे ठरणार नाही. ते रचनेच्या पातळीवर शोधावे लागते.

५

'प्लूटो नॅश'मध्ये ही सीमारेषा नाही. नायक चंद्रावर मुरलेला आहे. त्याला कशाचेही नवल वाटत नाही. त्याच्या अवतीभवतीच्या माणसांनाही वाटत नाही. चंद्र त्यांचा मोहल्ला आहे. ज्या पात्राला काही नवे वाटू शकले असते, असे पात्र संहितेत एकच आहे : पृथ्वीवरून आलेली डीना. रोझारियो डॉसन यांनी साकारलेले हे पात्र प्रेक्षकाचा प्रतिनिधी होऊ शकले असते. तिच्या नजरेतून चंद्रावरील व्यवहार विचित्र दिसले असते आणि तिच्या पार्थिव सवयी चंद्रवासीयांना विचित्र वाटल्या असत्या. विनोदाला दोन्ही बाजूंनी वाव होता. परंतु क्लब उडवला जाताच तिच्याकडे पळणाऱ्या नायकाच्या सोबतिणीचे, म्हणजे एका रूढ गुंडपटातील स्त्रीपात्राचे काम सोपवले जाते आणि तिचे परकेपण विरून जाते.

चंद्र हे नवतत्त्वही असेच विरते. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश असते, ही शाळकरी माहिती आहे. हास्याच्या इतिहासात पडणे, घसरणे, आदळणे यांना केवढे स्थान आहे, हे लक्षात घेतले तर या एका भौतिक तथ्यात दडलेल्या शक्यता सहज कळतात. चंद्रावर माणूस सावकाश पडेल. मारलेला ठोसा मारणाऱ्यालाच मागे ढकलील. धटिंगणाचा धाक त्याच्या वजनाबरोबर उणावेल. शारीर विनोदाचे संपूर्ण व्याकरण नव्याने लिहावे लागेल. सुव्हिन यांच्या अर्थाने नवतत्त्व कथाविश्वावर अधिराज्य गाजवते ते असे. चित्रपटातील बहुतेक प्रसंग मात्र घुमटांखाली, बंद दालनांत घडतात आणि तेथील माणसांची चालण्या-मारण्याची रीत पृथ्वीवरचीच राहते. चंद्र येथे कथेचे अधिष्ठान नसून तिचा पत्ता आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. चित्रपटाला चंद्राचे काहीच करायचे नसून जुन्या गुंडपटांचे विडंबन करायचे आहे आणि त्या अर्थी तो वर सांगितलेल्या तिसऱ्या वाटेने जातो, असे म्हणता येईल. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. नाईट क्लब, कर्जबाजारी गायक, विक्रीचा धमकीवजा प्रस्ताव या साऱ्या खुणा त्याच दिशेच्या आहेत. परंतु विडंबनाला विडंबित संकेतापासून अंतर राखावे लागते. 'गॅलेक्सी क्वेस्ट'मध्ये मालिका ही मालिका म्हणूनच पात्रांना ठाऊक असते. 'प्लूटो नॅश'मध्ये गुंडपटाचे कथानक कोणालाही गुंडपट म्हणून दिसत नाही. ते सरळ, गंभीरपणे पुढे सरकते, आणि विनोदी संवाद त्याच्या कडेने चालत राहतात. कथानक विनोदी नाही आणि विनोद कथानकाला वाकवीत नाही.

दुय्यम पात्रांत काही क्षणी सांधा जुळल्यासारखा वाटतो, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. रँडी क्वेड यांनी उभा केलेला ब्रूनो हा कालबाह्य झालेला यंत्रमानव आहे. भविष्यकाळात जुनाट असणे, ही कल्पनाच विनोद आणि नवतत्त्व यांना जोडणारी आहे. जॉन क्लीझ यांचा मोटारीतील प्रकाशप्रतिमारूप चालक हाही असाच : देह नसलेला नोकर शिष्टाचार मात्र पूर्ण देहधारी इंग्रज नोकराचे पाळतो. बर्गसाँ यांनी १९००च्या 'हास्य' या निबंधात सजीवावर यांत्रिकतेचे आवरण चढले की हास्य निर्माण होते, असे सूत्र मांडले. येथे त्याच्या उलट क्रिया आहे. यंत्रावर सजीवाचे, तेही एका विशिष्ट सामाजिक वर्गाचे, आवरण चढते. ही पात्रे जेथे हसवतात तेथे चित्रपटाचा सिद्धान्त जणू क्षणभर प्रकट होतो. परंतु ती कडेला आहेत; मध्यभागी सिद्धान्त हरवलेलाच राहतो.

६

मध्यभागी जे होते त्याचा विचार आता केला पाहिजे. अखेरीस उघड होते की रेक्स क्रेटर हा नायकाचीच जैविक प्रतिकृती आहे आणि ही भूमिकाही मर्फी यांचीच आहे. येथे चित्रपटाच्या हाती त्याची खरी सामग्री होती.

एक तर प्रतिकृती हे अस्सल विज्ञानकल्पित नवतत्त्व आहे. दुसरे म्हणजे साम्य हा हास्याचा अभिजात विभाव आहे. पास्कालच्या एका विचाराचा आधार घेऊन बर्गसाँ यांनी या मुद्द्याची चर्चा केली आहे : दोन सारखे चेहरे स्वतंत्रपणे हास्यास्पद नसतात; ते शेजारी शेजारी येताच हसू येते, कारण जिवंतपणात पुनरावृत्ती अपेक्षित नसते. आणि तिसरे म्हणजे हा विषय मर्फी यांच्या नटव्यक्तित्वाशी घट्ट बांधलेला आहे. 'कमिंग टू अमेरिका' (१९८८) मध्ये त्यांनी चार भूमिका केल्या, 'द नटी प्रोफेसर' (१९९६) मध्ये सात, आणि 'बोफिंगर' (१९९९) मध्ये एक ख्यातनाम चित्रपटतारा व त्याच्यासारखा दिसणारा एक भोळा इसम अशा दोन. एकाच चेहऱ्याचे अनेक होणे हा या नटाच्या विनोदाचा स्थायी विषय आहे. चंद्रावर नेलेल्या कथेत त्या विषयाला विज्ञानाचे अधिष्ठान मिळत होते. हास्य आणि विस्मय यांचा विभाव एकच झाला असता.

संहितेने मात्र या साम्याचे रहस्य केले. क्रेटरचा चेहरा अखेरपर्यंत दडवला जातो. त्यामुळे बर्गसाँ यांनी सांगितलेली अट, दोन चेहरे शेजारी येण्याची, चित्रपट संपत आल्यावर पूर्ण होते आणि तोवर त्या साम्याला प्रसंग म्हणून वाढायला अवकाश उरत नाही. थोडी झटापट होते आणि प्रतिकृतीचा शेवट होतो. रहस्याचा नियम असा की माहिती उशिरा द्यावी; प्रहसनाचा नियम असा की ती प्रेक्षकाला लवकर द्यावी आणि पात्रांना उशिरा. समान चेहऱ्यांवर उभी असलेली प्रहसनाची परंपरा, प्लॉटसच्या रोमन नाटकापासून शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'पर्यंत, या नियमावर चालते. दोन जुळे शहरात आहेत, हे प्रेक्षकाला ठाऊक असते, शहराला नसते. या ज्ञानाच्या फरकातून हास्य पाझरत राहते. 'प्लूटो नॅश'मध्ये प्रेक्षकही पात्रांइतकाच अज्ञानी ठेवला गेला. जे प्रहसनाचे बीज होते ते उलगड्यात खर्च झाले.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत : स्वतः हसणे आणि दुसऱ्यास हसवणे. प्रतिकृतीच्या प्रसंगात हे दोन्ही भेद एकवटण्याची दुर्मीळ संधी होती. विनोदी नट स्वतःच्याच यशस्वी, धनाढ्य आणि निष्ठुर आवृत्तीसमोर उभा राहतो आणि तिला हसू शकतो. लहान क्लबचा मालक एका बाजूला आणि सारे काही गिळंकृत करू पाहणारा धनिक दुसऱ्या बाजूला. दोघांचा चेहरा एकच. बहुगुणित होत जाणाऱ्या, स्वतःच्या प्रतिमेची विक्री करणाऱ्या तारांकित नटाविषयीचे एक मार्मिक भाष्य या प्रतिमेत सुप्त होते. ते सुप्तच राहिले.

७

खर्चाचा प्रश्न आता वेगळ्या प्रकाशात मांडता येतो. १० कोटी डॉलर ही रक्कम समीक्षेच्या दृष्टीने बाह्य तथ्य असली तरी ती पडद्यावर दृश्यरूप धारण करते आणि तेथे ती संहितेचा भाग होते. टॉम गनिंग यांनी १९८६ साली आरंभीच्या चित्रपटांसाठी 'आकर्षणांचा चित्रपट' ही कल्पना मांडली : कथा सांगण्याआधी चित्रपट काहीतरी दाखवून पाहणाऱ्याचे लक्ष थेट मागत असे. भव्य दृश्य हे असे आकर्षण आहे आणि विनोदाची चुटकी हेही आकर्षणच आहे. दोन्ही कथेला थांबवतात. एकाच विरामासाठी दोघांची स्पर्धा लागते, तेव्हा त्यांची मागणी वेगळी असते. भव्य दृश्य म्हणते, थबकून पाहा. विनोद म्हणतो, पाहिलेस ना, आता पुढे चल. 'प्लूटो नॅश'च्या घुमटशहरांकडे थबकून पाहावे असे त्यांत थोडेच आहे, कारण ती पृथ्वीवरील जुगारनगरांची आवृत्ती आहेत. आणि विनोद पुढे चालत नाही, कारण दृश्यांचा डोलारा त्याला ओढत न्यावा लागतो.

या संदर्भात एक ऐतिहासिक योगायोग बोधप्रद ठरतो. 'प्लूटो नॅश'च्या बरोबर १०० वर्षे आधी, १९०२ साली, झॉर्झ मेलिएस यांनी चंद्रावरच्या सफरीचा आपला विख्यात मूकपट तयार केला. तोही त्या काळच्या मानाने खर्चिक होता, तोही विज्ञानकल्पित होता आणि तोही विनोदी होता. त्यात लांब झगे घातलेल्या विद्वानांची भांडखोर सभा आहे, तोफेतून उडणारे यान आहे आणि ते यान चंद्राच्या डोळ्यात रुतते, ही जगप्रसिद्ध प्रतिमा आहे. त्या प्रतिमेत चंद्राला माणसाचा चेहरा आहे. तेथे विस्मय कोठे संपतो आणि हास्य कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. गंभीर वैज्ञानिक साहस ज्या क्षणी सिद्धीस जाते, त्याच क्षणी ते कोणाच्या तरी डोळ्यात खुपते. पृथ्वीच्या प्रकृतीने, म्हणजे चेहऱ्याने आणि वेदनेने, अपरिचित गोलकाला व्यापले आहे. एका प्रतिमेत दोन रसांचा विभाव एकच झाला. 'प्लूटो नॅश'च्या चंद्राला असा चेहरा नाही. तेथे जो चेहरा होता, तो नायकाच्या प्रतिकृतीचा, अखेरपर्यंत झाकून ठेवलेला.

८

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष चित्रपटापुरता मर्यादित नाही. संमिश्र प्रकारांचा विचार करताना प्रकारांची यादी करून थांबण्याची सवय समीक्षेला लागली आहे. 'विनोदी विज्ञानकथा', 'रहस्यमय प्रेमकथा' अशी नावे दिली जातात आणि त्यांतील विशेषण व विशेष्य यांचे नाते तपासायचे राहून जाते. मराठी विज्ञानकथेतील विनोदाचा अभ्यास जेव्हा कोणी विद्यार्थी हाती घेईल, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न विचारावा लागेल : कथेतील नवतत्त्व काढून घेतले तर विनोद शिल्लक राहतो काय? राहत असेल तर दोन प्रकार केवळ शेजारी आहेत. राहत नसेल तर त्यांचा संयोग झाला आहे. 'प्लूटो नॅश'मधून चंद्र वजा केला तर ब्रूनो आणि प्रकाशप्रतिमेचा चालक एवढेच हरवतात. कथा, नायक आणि त्याची बडबड शिकागोत किंवा लास व्हेगासमध्ये तशीच नांदू शकते.

अयशस्वी कृतीचे वाचन करणे म्हणजे तिचे समर्थन करणे नव्हे. या चित्रपटाला नव्या पिढीने पुन्हा शोधावे असे त्यात फार काही आहे, असा दावा येथे केलेला नाही. दावा इतकाच की त्याच्यावरील निकाल आकड्याने दिला, आणि तो निकाल बरोबर असला तरी त्याची कारणे आकड्याजवळ नव्हती. कारणे देणे हे समीक्षेचे काम आहे. ते तिने सोडले की कलाकृती आणि तिचा ताळेबंद यांतील भेद पुसला जातो आणि उद्या यशस्वी कलाकृतीवरील निकालही त्याच आकड्याने दिला जाईल. किंबहुना तो तसा दिला जाऊ लागला आहे.

भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले आणि ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत वाटून दिले. त्यांतील उपहसित मध्यम प्रकृतीचे. 'प्लूटो नॅश'च्या वाट्याला आले ते व्यवहारातल्या अर्थाने उपहासाचे हास्य, तेही चित्रपटगृहाबाहेर, त्याच्या जमाखर्चाकडे पाहून. जो चित्रपट हसवण्यासाठी निर्माण झाला, त्याच्यापेक्षा त्याचा तोटा लोकांना अधिक विनोदी वाटला. या हास्यातही एक विसंगती आहे आणि तिला आधारभूत असलेली रूढी अशी की पुष्कळ पैसा ओतला की पुष्कळ आनंद निघतोच. ही रूढी चित्रपट पडल्याने ढासळली नाही. तिची चिकित्सा करणे हे ताळेबंदाला जमणारे नाही.